भरलेलं घर

घराविषयीचे शब्द भिंतीवर लावायची आपल्याला भारी हौस. उधना, लिंबायत, डिंडोली, कुठल्याही मराठी घरात जा. दारावर ‘सुस्वागतम्’ असतं आणि आत टीव्हीच्या वर नाहीतर देव्हाऱ्याच्या बाजूला चौकटीत घराची एखादी कविता असते. विमल लिमये यांची घराची कविता मी इतक्या भिंतींवर पाहिलीय, की कुठल्या घरी पहिल्यांदा वाचली तेच आठवत नाही. बहुतेक ठिकाणी खाली कवयित्रीचं नाव नसतं. कुठं ती छापलेली असते, कुठं लाकडावर कोरलेली, आणि थोड्या घरांत कापडावर सुईदोऱ्यानं भरलेली. या शेवटच्या प्रकाराबद्दल, त्यातही जुन्या, वापरलेल्या कापडावर कुणा कवीचे किंवा कलावंताचे शब्द भरण्याबद्दल, मला लिहायचं आहे.

अशा कामाकडं आपण कौतुकानं बघतो, पारखून बघत नाही. ‘किती निगुतीनं केलंय!’ म्हणायचं आणि चहा घ्यायचा. बाईनं हातानं केलेल्या वस्तूला नाव ठेवू नये, ही झाली सभ्यता. पण त्या सभ्यतेत थोडी तुच्छताही मिसळलेली आहे. कवितेला आपण बरी-वाईट म्हणतो, चित्रालाही म्हणतो. भरतकामाला फक्त छान म्हणतो, कारण ते मनावर घ्यायची गोष्ट वाटत नाही. रोझिका पार्कर या लेखिकेनं १९८४ साली ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ या पुस्तकात युरोपातल्या भरतकामाचा इतिहास लिहिला. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की भरतकामानं बायकांना खाली मान घालून बसायला शिकवलं, आणि त्याच सुईनं बायकांनी आपलं म्हणणंही मांडलं. हे दोन्ही एकाच कापडावर असू शकतं. मग कुठं काय आहे, हे बघायला नको का?

आधी कापडाचं बघू. पाश्चात्त्य देशांत हे काम जुन्या लिननवर करतात. लिनन म्हणजे आपल्या जवसाच्या झाडाचाच धागा. आपण जवस पेरतो तो तेलासाठी आणि चटणीसाठी; तिकडं त्याच झाडाचं खोड कुजवून, झोडपून त्यातून धागा काढतात. हे कापड भलतं टिकाऊ. युरोपात लग्नाआधी मुलीसाठी चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं अशी पेटी भरायची चाल होती, आणि प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात तिची आद्याक्षरं फुलीच्या टाक्यानं, पुष्कळदा लाल दोऱ्यानं भरलेली असायची. धुवायला गेलेलं कापड परत आलं की मोजून घ्यायला ती खूण. म्हणजे कवितेच्या कितीतरी आधी घरच्या कापडावर अक्षर आलं ते हिशेबासाठी.

आपल्याकडं तशी अक्षरं कापडावर कमी, भांड्यांवर जास्त. आंदणाच्या पातेल्यावर, तांब्यावर नाव घातलेलं असतं, कधी तारीख. कापड मात्र आपण तसं जपून ठेवत नाही. धोतर विरलं की त्याची लंगोटी, लुगडं विरलं की गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं. जे यातून वाचतं ते बोहारणीच्या गाठोड्यात जातं आणि त्या बदल्यात स्टीलचा डबा येतो. मग त्या डब्यावर परत नाव. त्यामुळं ‘जुनं कापड’ ही कल्पनाच आपल्याकडं वेगळी आहे. तिकडं ते पेटीतून निघतं, इस्त्री केलेलं. इकडं जे हातात उरतं ते कुणाच्या तरी अंगावरचं, घामाचं, डागाचं असतं.

लुईस बुर्ज्वा ही शिल्पकार १९११ साली पॅरिसमध्ये जन्मली. आईवडलांचा जुनी चित्रजवनिका, म्हणजे भिंतीवर लावायची विणलेली मोठी चित्रं, दुरुस्त करायचा कारखाना होता. विटलेल्या जागी काय होतं ते रेखाटून द्यायचं काम ती लहानपणी करायची. १९३८ साली लग्न करून ती न्यूयॉर्कला गेली. तिच्या ‘फाम मेझों’ या १९४०च्या दशकातल्या चित्रांत बाईच्या डोक्याच्या जागी अख्खं घर बसलेलं आहे. पुढं नव्वदी गाठल्यावर, २००२ साली, तिनं एक कापडाचं पुस्तक केलं. पानं कशाची? लग्नातल्या जपून ठेवलेल्या लिननच्या हातपुसण्यांची. काहींवर तिची जुनी आद्याक्षरं तशीच आहेत. त्या पानांवर तिनं आपल्या आयुष्यभराच्या कपड्यांचे तुकडे शिवले. नाव दिलं ते विस्मृतीला उद्देशून. पण या पुस्तकात शब्द आहेत फक्त दोन पानांवर, तेही एकेक वाक्य. बाकी सगळी पानं कापड बोलतं. एवढी बोलकी, आयुष्यभर डायऱ्या लिहिणारी बाई. स्वतःच्या लग्नाच्या कापडावर आली तेव्हा तिनं शब्द आवरले. मला वाटतं, ते कापड काय सांगतंय हे तिला आधी ऐकू आलं होतं.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. झरीना हाश्मी, फक्त झरीना या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, १९३७ साली अलीगढला जन्मल्या. फाळणीनंतर घरचे पुढं पाकिस्तानात गेले, त्या स्वतः देशोदेशी फिरल्या, न्यूयॉर्कला राहिल्या, २०२० साली लंडनला वारल्या. १९९९ साली त्यांनी घर या विषयावर ३६ लाकूडठशांची मालिका केली. आधी त्यांनी उर्दू शब्दांची यादी केली: उंबरठा, दार, अंगण, भाषा, सरहद्द असे. पाकिस्तानातल्या एका सुलेखनकाराकडून ते शब्द लिहून घेतले, आणि मग एकेका शब्दासाठी चित्र काढलं. चित्र म्हणजे काय, दोन-चार काळ्या रेघा. त्या मालिकेचं इंग्रजी नावच घर हा परका मुलूख आहे असं सांगतं. इथं कापड नाही, सुई नाही. तरी मला हे भरतकामाच्या जवळचं वाटतं, कारण यात शब्द अर्थापुरता आलेला नाही. तो कुठल्या लिपीत, कुणाच्या हातानं लिहिलाय यालाही मोल आहे. ते शब्द देवनागरीत किंवा रोमन अक्षरांत छापले असते तर अर्थ तोच राहिला असता आणि घर गेलं असतं.

आता उधन्याकडं येते. इथून सुटणारी ताप्तीच्या लाइनीवरची गाडी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत सुमारे ३०० किलोमीटरवर जळगावला पोचते. या लाइनीनंच अर्धं खानदेश सुरतेत आणून सोडलं, माग चालवायला, डाइंग मिलमध्ये, मार्केटात गठ्ठे उचलायला. म्हणून इथल्या भिंतीवर विमल लिमये यांच्या खालोखाल बहिणाबाई चौधरी असतात. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्मलेल्या, जळगावला चौधऱ्यांच्या घरी दिलेल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या. त्या गात, आणि मुलगा सोपानदेव व घरचे काही जण ते उतरवून घेत. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. म्हणजे आपली अक्षरं पुस्तकात छापलेली बघणंही त्यांच्या वाट्याला आलं नाही.

आमच्याच गल्लीत रावेरकडच्या एक ताई राहतात. त्यांनी बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्याची कविता, पहिल्या काही ओळी, वडलांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यावर भरली आहे. कविता सगळ्यांना ठाऊक आहे. सुगरण झाडावर खोपा विणते, पिलांसाठी झोका टांगते, आणि शेवटी कवयित्री माणसाच्या हातांकडं वळते. ताईंचं काम नजरेत भरण्यासारखं आहे. अक्षरं उलट्या टिपेची, एकाच हिरव्या दोऱ्याची; शिरोरेघ कुठं तुटलेली नाही, आणि जोडाक्षरं, जी सुईला सगळ्यांत अवघड, ती साफ वळली आहेत. खोपा साखळी टाक्यात गोल गोल फिरवत नेलाय आणि खालची नळी दोरे सैल सोडून केलीय. मला सगळ्यांत आवडला तो हा खोपा. सुई तिथं पक्ष्यासारखीच फिरलीय.

इथं एक गंमत सांगितली पाहिजे. मराठीत सुगरण बाई आहे. पक्ष्यांत मात्र खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तर मग तो पुरा करतो. भाषेनं घर विणायचं काम बाईकडं दिलं, कवितेनं ते तसंच ठेवलं. आणि उधन्यात बघाल तर विणतात पुरुषच. माग पुरुष चालवतात, ओडिशातल्या गंजामहून आलेली पोरं, खानदेशातले, उत्तरेकडचे. बायकांच्या वाट्याला येतं ते विणून, छापून, मशीनवर भरून झाल्यानंतरचं. कॉम्प्युटरच्या भरतकाम मशीनवर एका दमात कित्येक सुया चालतात, ताका भरून निघतो, आणि मागं लोंबणारे दोरे कापायला साड्या घरोघर येतात. खडे चिकटवायचे, लेस लावायची, दोरे कापायचे. नगावर पैसे. दहा बाय दहाची खोली, तीत गॅस, तीत मुलांची दप्तरं आणि तीतच साड्यांचा ढीग. ज्या बाया दिवसभर दुसऱ्यांच्या भरतकामाची उलटी बाजू साफ करतात, त्यांतल्याच या ताई एक. घराविषयीचे शब्द भरायला त्यांनी वेळ काढला तो रात्री साडेदहानंतरचा. म्हणून हे काम ‘फावल्या वेळातलं’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. फावला वेळ त्यांना नाहीच.

आणि म्हणूनच ते काम कसोटीला लावायचं मोल आहे. मला त्यात दोन गोष्टी खटकल्या.

पहिली, कापड. वरून ते स्वच्छ, पांढरंफेक दिसतं. कुठलंही मांजरपाट आणून भरलं असतं तरी असंच दिसलं असतं. मग वडलांचं धोतर कशाला? मी उलटी बाजू बघायला मागितली, कारण भरतकामाचा खरेपणा मागून कळतो. त्यांनी चौकट उतरवली, मागची फळी काढली. गाठी बेतशीर, दोरे लांबून ओढलेले नाहीत. पण फळीखाली धोतराचा बराचसा भाग दुमडून ठेवलेला निघाला, आणि त्यावर तपकिरी काळसर डाग. केळीचा चीक. वडील केळीच्या बागेत घड कापायचे. हा चीक कपड्याला एकदा लागला की जात नाही, धुतलं की उलट गडद होतो. आता बघा, रावेरच्या घराबद्दल त्या सबंध कापडावर सगळ्यांत खरं असं काय होतं, तर ते डाग. ते मागं आणि कविता पुढं. मी म्हटलं, “ताई, हा डाग पुढं का नाही घेतला? खोपा त्या डागाशेजारीच टांगायचा होता.” त्या म्हणाल्या, “ते माह्यासाठी ठिवलंय मागं. पाहुण्यायला कायले?”

यावर मी पुष्कळ विचार केला. कलादालनात वाढलेली नजर म्हणेल, डाग झाकला म्हणजे धीर कमी पडला. मला तसं वाटत नाही. बुर्ज्वानं आपली कापडं जगापुढं ठेवली, कारण जग तिच्याकडं कलावंत म्हणून बघत होतं. उधन्यातल्या भाड्याच्या खोलीत येणारा पाहुणा तसा बघत नाही. तो डाग बघेल आणि गरिबी बघेल. ताईंनी डाग कापून टाकला नाही, ब्लीच लावून घालवला नाही. दुमडून, फळीमागं, वाऱ्या-धुळीपासून लांब ठेवला. तिथं तो भिंतीवरच आहे. फक्त तो कुणासाठी आहे हे त्यांनी ठरवलंय. घरात काही गोष्टी बैठकीत असतात, काही माजघरात. कापडालाही माजघर असू शकतं. एवढं मी मान्य करते.

आम्हा जैनांच्या शब्दकोशात माणसाचे दोन भाग केले आहेत ते घरावरूनच. अगारी म्हणजे घर असलेला आणि अणगार म्हणजे घर सोडलेला, साधू. सुरतेच्या उपाश्रयात साध्वीजींच्या पाठीमागं जरीनं भरलेला पुठिया बांधलेला असतो, वर चंदरवा, पुढं तोरण. आणि त्या पुठियाच्या खालच्या कडेला पुष्कळदा देणाऱ्या कुटुंबाचं नाव भरलेलं दिसतं. घर नसलेल्या व्यक्तीच्या मागं कुणाच्या तरी घराचं नाव! त्या नावाकडं लक्ष गेलं की मला वाटतं, भरलेलं अक्षर नेहमी कुणाला तरी दाखवायचं असतं. त्यामुळं काय दाखवायचं नाही, हे ठरवण्याचाही हक्क भरणाऱ्या हाताला हवा. ताईंनी तो वापरला.

दुसरी गोष्ट मात्र मी मान्य करणार नाही. कवितेत ‘झाडाले’ असा शब्द आहे. ताईंच्या कापडावर तो ‘झाडाला’ झालाय. आणखी दोन ठिकाणी तसंच: जिथं बहिणाबाईंची बोली आली, तिथं शाळेतली मराठी भरलीय. चुकून नाही, समजून. विचारलं तर म्हणाल्या, “आपलं बोलणं भितीवर बरं दिसत नही.” ज्या तोंडानं हे वाक्य आलं, त्याच तोंडात ‘झाडाले’ रोज आहे. ‘पोराले डबा दे’, ‘कायले गेली व्हती’, हे त्या दिवसभर बोलतात. पण बोलायला चालतं ते भरायला चालत नाही.

डाग मागं गेला आणि ‘ले’ गेला, या दोन्ही गोष्टी वरवर सारख्या दिसतात. दोन्हींत लाज आहे, दोन्हींत पाहुण्याचा विचार आहे. पण डाग फळीमागं शिल्लक आहे. ‘ले’ त्या चौकटीत कुठंच शिल्लक नाही, ना पुढं ना मागं. आणि ही कविता तर अशा बाईची, जिला अक्षर येत नव्हतं, जिच्याजवळ तिची बोली एवढंच साधन होतं. सोपानदेवांनी आईचे शब्द उतरवले तेव्हा तिची बोली ठेवली. त्यांना सगळं शाळेच्या मराठीत बसवता आलं असतं. ते स्वतः कवी होते. तसं झालं असतं तर आज ती कविता असोद्याची राहिली नसती, कुणाचीच राहिली नसती. पुस्तकानं जे राखलं ते भिंतीवर येता येता जावं, आणि तेही त्याच बोलीच्या माणसाच्या हातून, हे मला बोचतं.

उधन्यात हे अधिक बोचतं, कारण इथं बोली टिकायला दुसरी जागा नाही. रस्त्यावर हिंदी, दुकानात गुजराती. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, तिथं प्रमाण मराठी. मुलं घरी येऊन आईला सुधारतात. खानदेशातल्या गावात ‘झाडाले’ भिंतीवर नसला तरी चालेल, तो ओट्यावर आहे, बाजारात आहे. इथं तो या एका खोलीत आहे, दोरे कापताना चाललेल्या गप्पांत. म्हणून ज्याला आपण भिंतीवरची शोभा म्हणतो, ती इथं पोरांना दिसणारी बोलीची एकुलती एक लिहिलेली जागा असू शकते. तिथंच आपण ‘ला’ भरला, तर पोरांनी काय समजायचं? की आईची कविता चांगली आणि आईचं बोलणं गावंढळ?

तेव्हा घराचे शब्द जुन्या कापडावर भरणाऱ्या कुणालाही मी दोनच गोष्टी विचारेन. हे कापड बदलून दुसरं घेतलं तर काही बिघडतं का? आणि हे शब्द जिच्या तोंडचे आहेत, तिनं ऐकले तर तिला आपले वाटतील का? ताईंचं काम पहिल्या प्रश्नाला फळीमागून का होईना, उत्तर देतं. दुसऱ्याला अजून देत नाही.

दुरुस्ती फार मोठी नाही. ‘ला’चा ‘ले’ करायला एक काना उसवायचा आणि डोक्यावर एक मात्रा भरायची. तीन ठिकाणी मिळून एका रात्रीचं काम. धोतर विरलेलं आहे, उसवलेल्या टाक्यांची भोकं तिथं राहतील, जवळून बघणाऱ्याला दिसतीलही. ती भोकं पुढच्या बाजूला राहू द्यावीत, असं मी ताईंना सांगितलंय. हिरव्या दोऱ्याची लडी अजून शिल्लक आहे म्हणाल्या.